परीस आणि खोटे नाणे



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही मंडळींना वाटले असेल की येथे अध्यात्म ऐकावयास मिळणार. काहींना वाटले असेल की एखादी पोलिसी कथा निघणार. दोघांनाही अगदी निराश करावे असे आमच्या मनात नाही. परीस शोधणारा एक थोर पुरुष आणि खोटी नाणी पाडणारा एक थोर लबाड, या दोघांची गाठ इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीस पडली. ती हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे. परीस शोधणाऱ्याचे नाव ऐकाल तर आश्चर्य वाटेल. तो म्हणजे शाळेच्या पुस्तकात झाडाखाली बसलेला आपणां सर्वांचा परिचित आयझॅक न्यूटन! आणि लबाडाचे नाव विल्यम चॅलोनर. हे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात नाही, आणि नाही हे ठीकच आहे.

गोष्टीला हात घालण्यापूर्वी आपल्याच भाषेकडे एकवार पाहू. कसोटी, पारख, हीणकस, बावनकशी, बट्टा लागणे, खणखणीत नाणे, हे शब्द आपण माणसांविषयी बोलताना रोज वापरतो. पण ते सारे सराफाच्या पेढीवरून आलेले आहेत. मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत, आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. म्हणून नाणे पारखणारा पोतदार असे. गावगाड्यात हे काम बहुधा सोनारच करी. नाण्यावर राजाचा शिक्का असला तरी पोतदाराने ते वाजवून, कस लावून पाहावे अशी रीत होती. शिक्क्यावर विसंबू नये, कस पाहावा, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात मुरलेले होते. ते मनात ठेवून आता आपण लंडनला जाऊ.

प्रथम न्यूटन. १६८७ साली त्याचा ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ग्रहांपासून समुद्राच्या भरतीपर्यंत सर्वांना एकच नियम लागू आहे हे जगाला समजले. पण हाच न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आपल्या खोलीलगतच्या बागेत भट्टी पेटवून वर्षानुवर्षे धातू शिजवीत बसे. वसंतात आणि शरदात तर ती भट्टी आठवडेच्या आठवडे विझत नसे, असे त्याच्या लेखनिकाने सांगून ठेवले आहे. अँटिमनीचे खनिज लोखंडाबरोबर वितळवून सावकाश निवू दिले की धातूच्या पाठीवर चांदणीसारखी नक्षी उमटते. त्या चांदणीत न्यूटनला निसर्गाचे रहस्य दिसत होते. किमयेविषयी त्याने लिहिलेला मजकूर सुमारे दहा लाख शब्दांचा भरतो. त्याच्या मृत्यूनंतर पंडितांना हे कागद इतके अडचणीचे वाटले, की १८८८ साली केंब्रिज विद्यापीठाने शास्त्रीय कागद तेवढे ठेवून किमयेचे कागद मालकाकडे परत धाडले! १९३६ साली त्यांचा लिलाव झाला. त्यांतील पुष्कळसे कागद अर्थशास्त्रज्ञ केन्स याने विकत घेऊन वाचविले, म्हणून आज ही हकीकत सांगता येते.

या विद्येची एक मोठी खूण होती. ती म्हणजे गुप्तता. न्यूटनने आपल्या लॅटिन नावाची अक्षरे उलटसुलट करून ‘जिओवा सँक्टस उनुस’ असे एक गूढ नाव धारण केले होते. १६७६ साली बॉइल या रसायनवेत्त्याने सोन्याबरोबर मिसळताच तापणाऱ्या एका पाऱ्याविषयी निबंध छापला, तेव्हा न्यूटनने रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना पत्र लिहून सुचविले की बॉइलने यापुढे मौन पाळलेले बरे. त्यांत कायद्याचीही भीती होती. १४०४ सालच्या एका कायद्याने इंग्लंडात सोने किंवा रुपे ‘वाढविणे’ हा मोठा गुन्हा ठरविला होता. राजाला भय हे, की कोणी खरोखरच सोने करू लागला तर खजिन्याचे काय होणार? हा कायदा पुढे १६८९ साली रद्द झाला आणि तो रद्द व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत खुद्द बॉइल होता.

आता इंग्लंडच्या नाण्यांची स्थिती पाहा. १६६२ पासून टांकसाळीत यंत्रावर नाणी पडू लागली होती. त्यांच्या कडेवर खाचा किंवा अक्षरे उमटविलेली असत, म्हणून ती कातरता येत नसत. पण हातोड्याने ठोकलेली जुनी रुप्याची नाणीही बाजारात चालत होती. ती कडेकडेने कातरावी, कातर वितळवावी आणि नाणे पुन्हा पुऱ्या किमतीला खपवावे, हा धंदा गावोगाव बोकाळला. पुढे ही नाणी सरकारजमा झाली तेव्हा त्यांचे वजन निम्म्यावर आलेले आढळले. चांगले नाणे हाती आले की लोक ते दडवीत किंवा वितळवून परदेशी धाडीत आणि खोटे तेवढे फिरत राही. मजुराला मजुरी मिळे, पण वाणी ते नाणे घेईना. रुप्याच्या नाण्यावरचा विश्वास इतका उडाला की १६९५ साली सोन्याच्या एका गिनीला तीस शिलिंग मोजावे लागत. आणि हे सारे फ्रान्सशी युद्ध चालू असताना! तेव्हा सारे जुने नाणे परत घेऊन नवे पाडावे असे पार्लमेंटने ठरविले. त्याच सुमारास, १६९६ च्या मार्चात, त्रेपन्न वर्षांच्या न्यूटनला टांकसाळीचा वॉर्डन नेमण्यात आले. वॉर्डन म्हणजे राजाच्या वतीने देखरेख करणारा अधिकारी. ही नेमणूक म्हणजे पंडिताला दिलेले एक वर्षासनच होते. कामाला फारसा वेळ द्यावा लागणार नाही, असे त्याला कळविण्यातही आले होते.

पण न्यूटन हा वर्षासन खाऊन स्वस्थ बसणारा गृहस्थ नव्हता. पन्नास घोडे पत्रे लाटण्याची यंत्रे फिरवीत होते. पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत काम चाले. एक दाब ठोकावयास किती माणसे लागतात, मिनिटाला किती नाणी पडतात, याचा त्याने हिशेब केला. भट्टी, मूस आणि कस यांची त्याला वीस-पंचवीस वर्षांची सवय होती. टांकसाळीतल्या कारागिराला जे हाताने समजे, ते या प्राध्यापकाला हातानेही समजे आणि डोक्यानेही. भट्टीत सोने काही निघाले नव्हते, पण त्या भट्टीने घडविलेला माणूस टांकसाळीला लाभला!

वॉर्डनच्या पदाला एक ओंगळ कामही चिकटलेले होते. खोटी नाणी पाडणाऱ्यांना हुडकून त्यांच्यावर खटले भरावयाचे. हा गुन्हा राजद्रोह समजला जाई आणि त्याला देहान्ताची शिक्षा होती. न्यूटनने १६९६ च्या उन्हाळ्यात खजिना खात्याला विनंती केली, की हे त्रासाचे आणि धोक्याचे काम आपणांकडून काढून घ्यावे. विनंती फेटाळली गेली. काम टळत नाही असे दिसताच तो त्यात असा शिरला की गुन्हेगारांना चळचळा कापरे भरू लागले. गुत्त्यांतून आणि तुरुंगांतून तो माहिती काढी. हस्तक नेमी. एका हस्तकाला नाणेबुडव्यांच्या मंडळीत मिसळता यावे म्हणून चांगला पोशाखही त्याने सरकारी खर्चाने करून दिला. त्या काळच्या शेकडो जबान्या ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत. या जबान्यांत एक नाव वारंवार येऊ लागले. ते विल्यम चॅलोनरचे होते.

चॅलोनर हा विणकराचा मुलगा. बर्मिंगहॅमला खिळे करणाऱ्याकडे तो उमेदवार होता आणि त्या गावी खिळ्यांइतकीच खोटी नाणीही सुबक होत असत. पायी चालत तो लंडनला आला. १६९९ साली त्याचे एक निनावी चरित्र छापले गेले. त्यावरून दिसते, की तेथे त्याने वैदू होऊन पाहिले आणि ज्योतिषी होऊन पाहिले. मुलींना नवरा कसा मिळेल हे तो सांगे आणि चोरीचा माल कोठे आहे हेही सांगे. चोरीच्या मालाविषयीचे त्याचे ज्ञान बहुधा ग्रहांवरून आलेले नसावे! पुढे कापडावर आणि लाकडावर रोगण चढविण्याची कला त्याने उचलली, आणि मग एका सोनाराकडून मुलामा देण्याची. येथे त्याला आपला परीस सापडला. हलक्या रुप्याची नाणी पाडावी, वर सोन्याचा मुलामा द्यावा, की झाली गिनी! न्यूटन वीस वर्षे ज्यासाठी धूर खात होता ते चॅलोनरने दोन महिन्यांत साधले. फरक इतकाच, की ते सोने नखाइतक्या खोलीपर्यंतही सोने नव्हते.

पैसा आला तसा चॅलोनर सभ्य गृहस्थासारखा राहू लागला. पण नाण्यावर त्याचे समाधान नव्हते. पदच्युत राजा जेम्सचे जाहीरनामे छापावयास त्याने काही मुद्रकांना भरीस घातले आणि छापून होताच सरकारकडे चुगली करून हजार पौंडांचे बक्षीस मिळविले. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली. दुसऱ्याच वर्षी बँकेने शंभर पौंडांच्या नोटा काढल्या आणि लगोलग चॅलोनरनेही काढल्या! पकडला गेला तेव्हा त्याने साथीदारांची नावे सांगून टाकली आणि बँकेकडून उलट दोनशे पौंड बक्षीस उपटले. चोरी करून शाबासकी मिळविण्याची हातोटी जगात पुष्कळांना असेल, पण रोख बक्षीस मिळविणारा असा विरळाच.

यापुढचा त्याचा डाव मात्र खरोखर अजब होता. १६९७ च्या फेब्रुवारीत तो पार्लमेंटच्या समितीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, टांकसाळीतलेच लोक भ्रष्ट आहेत, तेच ठसे बाहेर विकतात. खोट्या नाण्याला आळा घालावयाचा तर नाण्याची कड आपण सांगतो त्या युक्तीने पाडली पाहिजे. ती करून दाखविण्यासाठी आपणांला टांकसाळीत प्रवेश आणि साहित्य मिळावे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा! आणि समितीचे सभासदही असे भोळे, की त्यांनी न्यूटनला त्याची सोय करून देण्याचा हुकूम सोडला. न्यूटनने चॅलोनरला टांकसाळीच्या दारात पाऊल ठेवू दिले नाही. कडेवर अक्षरे उमटविणारे यंत्र ही टांकसाळीची गुप्त विद्या होती. ती जाणणारे कारागीर शपथबद्ध होते. पार्लमेंटचा रोष पत्करून न्यूटन अडून बसला. यापुढे हा केवळ कायद्याचा प्रश्न राहिला नाही. टांकसाळीची, आणि तिच्याबरोबर न्यूटनची, अब्रू पणाला लागली होती.

त्या वर्षाच्या सप्टेंबरात न्यूटनने चॅलोनरला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. पण चॅलोनरने मुख्य साक्षीदार होलोवे याला पैसे चारून स्कॉटलंडात पाठवून दिले आणि खटला कोसळला. सुटून येताच चॅलोनरने पार्लमेंटला अर्ज केला, की टांकसाळवाल्यांनी सूडबुद्धीने आपला छळ केला. न्यूटनला चौकशीपुढे स्वतःचा बचाव करावा लागला. अर्ज फेटाळला गेला, पण वॉर्डनच्या मनात तो रुतून बसला.

यावेळी न्यूटनने एका साक्षीदारावर भिस्त ठेवली नाही. चॅलोनरने माल्ट लॉटरी या सरकारी कर्जाची बनावट तिकिटे छापण्यासाठी ताम्रपट कोरला होता. त्या निमित्ताने तो पुन्हा पकडला गेला. न्यूटनने जबान्यांवर जबान्या घेतल्या. त्यांत साथीदार होते आणि त्यांच्या बायकाही होत्या. तुरुंगात चॅलोनरच्या शेजारी बोलकी माणसे नेऊन बसविली आणि तो जे बोलेल ते लिहून घेतले. चॅलोनरने वेडाचे सोंग घेतले, तेही फुकट गेले. १६९९ च्या मार्चात खटला उभा राहिला. ज्याने वर्षानुवर्षे सरकारलाच गंडविले तो थोडक्या वेळात दोषी ठरला. त्याने न्यूटनला काकुळतीची पत्रे लिहिली. तुमच्यावाचून मला कोणी तारणार नाही, असा त्यांचा आशय होता. न्यूटनने उत्तर पाठविल्याचे कोठे आढळत नाही. चॅलोनरने तो लपविलेला ताम्रपट शेवटी न्यूटनकडे धाडून दिला. २२ मार्च १६९९ रोजी टायबर्न येथे त्याला फाशी दिले.

गोष्ट येथे संपते, पण विचार येथे सुरू होतो. आपल्यापैकी कोणी विचारील, की टांकसाळीच्या अधिकाऱ्याने चोर पकडला, यात नवल ते काय? आम्ही उलट विचारतो. या दोघांत फरक कोणता? दोघेही हलक्या धातूचे सोने करू पाहत होते. दोघेही रात्री भट्टीपाशी जागत. दोघांनीही खोटी नावे घेतली, दोघांनीही दार लावून काम केले. लावलेल्या दाराबाहेरून पाहणाऱ्याला किमयागार कोणता आणि नाणेबुडव्या कोणता हे सांगता आले नसते. खरोखर युरोपात किमयागार म्हणवून कित्येकांनी राजेरजवाड्यांना लुबाडले ते याच बंद दारामुळे.

आमच्या मते फरक एका ठिकाणी आहे. न्यूटनच्या भट्टीत सोने निघाले नाही, तेव्हा निघाले असे त्याने कधी म्हटले नाही. पितळेवर मुलामा चढवून रॉयल सोसायटीत दाखविणे त्याला अवघड नव्हते. जे कसाला उतरले नाही त्याला तो सोने म्हणाला नाही. आणि चॅलोनरचे सारे चातुर्य मात्र एकाच गोष्टीत खर्ची पडले, ती म्हणजे कस लागण्यापूर्वी नाणे हातावेगळे करणे.

तरी न्यूटनलाही आम्ही अगदी मोकळे सोडणार नाही. त्याने गणित आणि यंत्रशास्त्र छापून जगापुढे ठेवले. लोकांनी ते तपासले, भांडले, ताडून पाहिले, म्हणून ते टिकले. किमया त्याने पेटीत ठेवली. ती कोणी तपासली नाही, म्हणून दहा लाख शब्दांनी जगाचे ज्ञान फारसे पुढे गेले नाही. एकाच माणसाच्या बुद्धीची ही दोन फळे आहेत. एक उजेडात पिकले, दुसरे अंधारात वाळले.

आणि त्या खटल्याचे काय? चॅलोनर दोषी होता यात आम्हांस शंका नाही. पण त्याच्याविरुद्ध बोलणारे साक्षीदार स्वतः त्याच धंद्यातले होते आणि कित्येक आपली मान सोडविण्यासाठी बोलत होते. साक्षीदार खोटे आहेत असा चॅलोनरने आक्रोश केला. आरोपीला वकील देण्याची रीत अशा खटल्यांत नव्हती. ज्या न्यूटनला एका ग्रेनचा फरक चालत नसे, त्याने माणसाच्या प्राणाचा निवाडा ज्या साक्षींवर करविला, त्या साक्षींचा कस बावनकशी होता काय? नाण्याला कसोटी लावणाऱ्या राज्याने आपल्या न्यायालाही तितकीच कडक कसोटी लावावयास हवी. तीनशे वर्षांनंतर आपण हे म्हणू शकतो, कारण त्या जबान्या जपून ठेवलेल्या आहेत आणि कोणालाही वाचता येतात.

सुदैवाने त्या टांकसाळीत एक चांगली रीत होती आणि ब्रिटनमध्ये ती आजही चालू आहे. पाडलेल्या नाण्यांतून काही नाणी बाजूला काढून पेटीत कुलुपबंद करावी आणि सोनारांच्या पंचांनी ती उघडून कस लावावा. न्यूटन १६९९ च्या अखेरीस टांकसाळीचा मुख्य झाला, तेव्हा पंचांच्या कसोटीपुढे त्याचेच काम येऊ लागले. १७१० साली पंचांनी त्याची सोन्याची नाणी किंचित हीणकस ठरविली. न्यूटन संतापला. त्याचे म्हणणे असे, की नाणे ठीक आहे, पण १७०७ साली केलेली नमुन्याची पट्टीच ठरल्या कसापेक्षा अधिक शुद्ध आहे. पट्टी खरोखर तशीच होती आणि पुढे तिचा वापर सोडून द्यावा लागला. सर आयझॅक न्यूटनची किती कीर्ती! पण पंचांनी ‘हा न्यूटन आहे, याला कशाला तपासा’ असे म्हटले नाही. आणि न्यूटननेही ‘मला कशाला तपासता’ असे म्हटले नाही. तो म्हणाला, तुमची पट्टीही तपासा. तपासणाऱ्याची पट्टीसुद्धा तपासली जाते, त्या समाजात नाणे चालते.

या कथेचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. इतका खटाटोप करूनही इंग्लंडात रुपे टिकेना. १७१७ साली न्यूटनने त्याची मीमांसा करून अहवाल दिला. त्यात त्याने दाखविले, की चीन-जपानात एक भार सोन्याला नऊ-दहा भार रुपे पडते, हिंदुस्थानात बारा, आणि इंग्लंडात पंधराहून अधिक. मग व्यापारी रुपे पूर्वेकडे नेणार नाही तर काय करणार? ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ते रुपे आपल्या किनाऱ्याला लागत होते. चोराला फाशी देता येते, पण बाजारभावाला फाशी देता येत नाही! पत्रकांवरून हे ओळखणारा न्यूटन आम्हांला भट्टीपुढच्या न्यूटनहून मोठा किमयागार वाटतो.

आणि परीस? तो अगदीच खोटा निघाला असेही नाही. मूलद्रव्य पालटता येते, पण भट्टीत नव्हे, अणूच्या गाभ्यात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाचे अणू प्रचंड वेगाने एकमेकांच्या जवळून जाताना त्यांतील काहींचे क्षणभर सोने होते, असे शास्त्रज्ञांनी २०२५ साली मोजून दाखविले. २०१५ ते २०१८ या काळात मिळून किती सोने झाले? एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यांतले २९ भाग! त्याने नथीतला मोतीसुद्धा गुंफता येणार नाही. पण हा आकडा त्यांनी छापला, आणि मोजला कसा तेही छापले. चॅलोनरने हेच सोने खंडीने विकले असते.

श्रोतेहो, आज आपल्या खिशात सोन्याचे नाणे नाही. कागद आहे, आणि पुष्कळदा कागदही नाही, यंत्रावर उमटलेला नुसता आकडा आहे. त्या आकड्यावर वाणी धान्य देतो आणि डॉक्टर औषध देतो. कागदाचे सोने करणारी ही किमया कोणत्या परिसाने घडते? ती परस्परांच्या विश्वासाने घडते. आणि हा विश्वास डोळे मिटून ठेवावयाचा नसतो. आपला पोतदार राजाच्या शिक्क्याचा आदर करी, पण रुपया दगडावर वाजवूनही पाही. आपल्यापुढे येणारी बातमी, येणारे पुढारी आणि येणारी व्याख्याने, होय, हे व्याख्यानसुद्धा, आपण तसेच वाजवून घ्यावे. खणखणले तर पदरी बांधावे, बद्द वाजले तर परत करावे. इतकेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.